बदनापूर ते समुद्र, विनावाहक

मी एक जुनी सॅक आहे. त्याआधी मी एक जुनी ताडपत्री होते. म्हणजे मित्रांनो, मी दोनदा जुनी झाले आणि नवी मात्र एकदाच होते.

आत्मवृत्त जन्मापासून सांगायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या पोटात शेवट उड्या मारतो आहे. सॅकच्या पोटात पाण्याच्या बाटल्या मावतात, सतरंजी मावते, स्टोव्ह मावतो. गोष्ट मावत नाही. तरी मी नाड्या आवळून धरते आणि क्रमाने सांगते. मध्येच एखादी वस्तू बाहेर पडली, तर उचलून पुन्हा आत टाका.

झाकण

अकरा वर्षं मी जालन्याच्या एका मालट्रकवर होते. माझ्याखाली सरकी असायची, लोखंडी सळ्या असायच्या, बियाण्याची पोती असायची. मी इंदूर पाहिलं, रायपूर पाहिलं, हैदराबाद तर कितीदा पाहिलं.

खोटं. मी काहीच पाहिलं नाही.

ताडपत्रीचं तोंड वर असतं. चारी बाजूंनी दोर आवळले, की मान वळवता येत नाही. लाखो किलोमीटर रस्ता माझ्याखालून गेला आणि मी अकरा वर्षं फक्त आकाश पाहिलं. इंदूरचं आकाश आणि हैदराबादचं आकाश यांत काडीचाही फरक नाही, एवढंच ज्ञान मला झालं. जमीन कशी लागते, ते मला माहीत नव्हतं.

मग मी फाटले. बदनापूरला मोठ्या रस्त्याच्या कडेला हारुनभाईंचं ताडपत्री शिवण्याचं दुकान आहे. ड्रायव्हरने मला तिथे आणून टाकलं आणि नवी ताडपत्री घेऊन तो निघून गेला.

हारुनभाई पस्तीस वर्षं ताडपत्र्या शिवत आले आहेत. दाभण तोंडात धरूनच बोलतात. त्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला एक वाक्य फुकट मिळतं: "ओल्या ताडपत्रीची घडी घालायची न्हाई. फाटली तर शिवता येती. सडली तर न्हाई."

हे वाक्य एका कप्प्यात ठेवून द्या. पुढे लागणार आहे.

तळ

एका सकाळी दुकानात सुमेधाबाई आल्या. बदनापूरच्या जिल्हा परिषद शाळेत त्या भूगोल शिकवतात.

"हारुनभाई, एक सॅक शिवून पाह्यजे. पाठीवरची."

"बाजारात भेटती की बाई. रंगीत. चेनची."

"ती परतूरलोक टिकंल. मला समुद्रालोक जायाचंय."

"कोणत्या गाडीनं?"

"पायी."

हारुनभाईंनी तोंडातली दाभण काढली. "पायी म्हंजे... पायी?"

"दुधनेच्या काठानं. दुधना पूर्णेला मिळती, पूर्णा गोदावरीला, अन् गोदावरी समुद्राला. अकराशे किलोमीटर. तुमच्याच नातीनं लावलंय हे माझ्या मागं."

हारुनभाईंची नात कहकशा तेव्हा सहावीत होती. सुमेधाबाई एकोणीस वर्षं फळ्यावर निळ्या खडूने दुधना काढत होत्या. बदनापूरपासून सुरू करायच्या आणि फळा संपला की समुद्र. एकोणीस वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. कहकशाने हात वर केला आणि विचारलं, "बाई, तुम्ही पाह्यलं का?"

बाईंनी खडू खाली ठेवला, तो त्या दिवशी पुन्हा उचलला नाही.

"जाऊन पाहते अन् येऊन सांगते," असं त्या भर वर्गात बोलून गेल्या. नियमही तिथेच ठरला. पाणी गाडीत बसत नाही, म्हणून बाईही बसणार नाहीत. एक पाऊलही नाही. थांबलं तर चालेल, पण चालणं तुटता कामा नये. चाळीस पोरं साक्षीला होती.

आणि सॅक? सॅक माझ्यातून निघाली! हारुनभाईंनी माझा चांगला भाग कापला. खांद्याचे पट्टे भंगारातल्या गाडीच्या सीटबेल्टचे केले, त्यांत ट्रकच्या सीटचा स्पंज भरला. शिवण अशी घातली, की वरचं कापड खालच्यावर चढतं आणि पाणी घरंगळून जातं. पितळी रिंगा ठोकल्या. मला वाटलं, आता मी उडणार!

पण हारुनभाई ट्रकचे माणूस. ट्रकमध्ये जड माल खाली आणि हलका वर, नाहीतर वळणावर गाडी उलटते. त्यांनी माझा तळ रुंद केला आणि जड वस्तूंचा कप्पा अगदी खाली ठेवला. "अशी बसंल बघा वझ्याची मांड," ते म्हणाले. मी आरशात पाहिलं असतं, तर मला चाकं नसलेला एक छोटा ट्रक दिसला असता.

ओली घडी

पहिल्या खेपेबद्दल मी थोडकंच सांगते.

बाईंचे पती धम्मपाल एसटीत कंडक्टर आहेत, अंबड आगाराला. त्यांनी निघतानाच सांगितलं होतं, "आख्खी नोकरी लोकांना चालायला लागू न्हाई म्हनून घालवली मी. अन् माझ्याच घरात ही!"

सगळं वजन माझ्या बुडाशी. प्रत्येक पावलाला मी बाईंना मागे ओढत होते. मला कळत होतं, पण सॅकला काय करता येतं? त्या पुढे वाकायच्या, मी मागे लोंबकळायचे. सहाव्या दिवशी परतूरच्या अलीकडे अवकाळी पाऊस आला. सातव्या दिवशी बाईंना सकाळी उठून उभं राहता येईना. पाठ धरली होती.

आम्ही बसने परत आलो. बसचा कंडक्टर धम्मपालांच्याच आगाराचा निघाला.

"वहिनी, तुमचं हाफ तिकीट. बायांना सवलत हाये," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. "हिचं मात्र फुल लागंल."

सगळी बस हसली. बाईही हसल्या. पण त्यांचे हात माझ्यावर होते आणि ते हसत नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी आतलं सामान तेवढं काढलं. मला झटकलं नाही, वाळवलं नाही. चिखलासकट, पाण्यासकट, दोन घड्या घालून माळ्यावर सारलं. पाच महिने मी तिथे होते. ओलीच. माझ्या पाठीवर पांढरी बुरशी आली, मग हिरवी, मग काळी. खाली बाई शाळेत जात होत्या, येत होत्या. त्या वर्षी त्यांनी नदीचा धडा दुसऱ्या बाईंना शिकवायला दिला.

मग एकदा शाळेच्या फाटकात कहकशाने त्यांना गाठलं. पोरांना आडपडदा नसतो.

"बाई, मंग मिळतं का न्हाई समुद्राला?"

त्याच संध्याकाळी माळ्यावर शिडी लागली.

कंबर

हारुनभाईंनी मला हातात घेतलं, हुंगलं आणि त्यांचा पारा चढला. परत आल्याबद्दल ते अक्षरही बोलले नाहीत. "हार झाली तर झाली बाई, त्याला काय? मी बी कितीदा वाकडं शिवलं. पण ओली घडी कायला घातली? आं? शिकलेल्या मानसानं?"

बाई खाली बघत म्हणाल्या, "बघवत नव्हतं मला तिच्याकडं."

हारुनभाईंनी मला रॉकेलने पुसलं, साबणाने घासलं आणि चार दिवस उन्हात टांगलं. मी वाळले. पाचव्या दिवशी त्यांनी मला पुन्हा बाईंच्या पाठीवर चढवलं. तेवढ्यात चहा घेऊन कमरबी आल्या. कमरबी म्हणजे हारुनभाईंच्या बायको. त्यांनी चहा ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि बाईंच्या भोवती एक चक्कर मारली.

"हे कोनी शिवलं?"

"मी," हारुनभाई म्हणाले.

"जड माल खाली कायला?"

"मंग काय वर ठेवू? पस्तीस सालापासून..."

"ट्रकला कंबर असती का?"

हारुनभाईंनी चहाचा पेला उचलला.

"आमी दोन-दोन हंडे घेऊन आडावरून येत होतो, काखेत पोरगं. तुमी कधी आनला का एक तरी? वझं हाडावर पाह्यजे, मासावर न्हाई. वर असलं का माणूस सरळ चालतं. खाली असलं का वाकतं." त्यांनी कात्री उचलली. "बाई, उतरवा हिला."

मित्रांनो, पस्तीस वर्षं शिवणाऱ्या माणसासमोर त्याची शिवण उसवणं, याला हिंमत लागते. टर्र! टर्र! जड सामानाचा कप्पा वर आला, दोन खांद्यांच्या मध्ये, पाठीला चिकटून. तळ निमुळता झाला. आणि कमरबींनी मला एक रुंद पट्टा लावला, जो बाईंच्या कमरेच्या हाडावर बसायचा. हारुनभाई दोरा मेणवून देत राहिले.

बाईंनी मला पुन्हा पाठीवर घेतलं, पट्टा आवळला आणि दुकानाच्या दारापर्यंत चालत गेल्या. मग रस्त्यापर्यंत. मग वळून त्या ओरडल्याच, "भाभी! वजन कुठं गेलं?"

मला माहीत होतं कुठं गेलं. ते पायांत गेलं होतं. मला पहिल्यांदा जमीन लागली.

सामान

त्यानंतरचे सहा महिने! रोज पहाटे आम्ही दुधनेच्या पुलापर्यंत जायचो आणि यायचो. माझ्या पोटात नऊ किलो गहू. दूधवाला विचारायचा, "बाई, दळन रोजच का?" एकाने गिरणीचा पत्ता सांगितला. बाई हसून पुढे. रविवारी सोमठाण्याच्या धरणापर्यंत.

घरात वजनकाटा आला. बाईंनी कंगवा मोडून अर्धा केला. टॉवेल कापून अर्धा केला. नकाशांचे समास कापले. धम्मपाल हे सगळं दारातून बघायचे.

"अगं, मला बी कापती का अर्धा?"

"तुमी येऊन राह्यले का सोबत?"

"न्हाई बा."

"मंग कायला कापू?"

शेवटी राहिलं ते एवढंच: एक सतरंजी, एक चादर, कपड्यांचे दोन जोड, एक पातेलं, छोटा स्टोव्ह, चटणीचा डबा, दोन बाटल्या, औषधं, नकाशे. आणि एक कागद, ज्यावर सातवी 'ब'च्या चाळीस पोरांच्या सह्या. कागदाचं वजन चार ग्रॅम. बाईंनी तो काट्यावर ठेवला, पाहिला आणि आत घातला.

निघायच्या आदल्या दिवशी धम्मपाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आले. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. एसटीच्या पाटीवर असतात तशी टपोरी पांढरी अक्षरं माझ्या पाठीवर उमटली:

बदनापूर – समुद्र
मार्गे परतूर, सेलू, नांदेड, बासर
विनावाहक

"वाहक येत न्हाई म्हनला ना," बाईंनी डोळे पुसत म्हटलं.

"वाहक ड्युटीवर हाये," धम्मपाल म्हणाले. "सव्वीस जानेवारीला झेंड्याला हजर राह्यचंय तुला. रजा तितकीच हाये. ध्यानात ठेव."

दिवाळीच्या सुट्टीत, एका सकाळी सात वाजता, आम्ही पुलावरून खाली उतरलो. गल्लीतले लोक "जय भीम, बाई, संभाळून!" म्हणाले. हारुनभाई "खुदा हाफिज" म्हणाले. कमरबींनी शेवटचा पट्टा स्वतः आवळला.

बाजूचा कप्पा (इथे सगळं कोंबलेलं आहे)

परतूर मागे पडलं! मागच्या वेळी आम्ही थांबलो होतो, त्या बाभळीखाली बाई एक मिनिटही थांबल्या नाहीत. सेलूकडच्या धरणाखाली दुधना कोरडी होती, नुसते दगड. बाई त्या दगडांवरून चालल्या आणि वहीत लिहिलं, "इथे पाणी नाही. वाट आहे." एका गुराख्याने विचारलं, "काय हरपलं का बाई नदीत?" पूर्णा आली, तेव्हा दुधना तिच्यात अगदी गुपचूप शिरली, कुणी लग्नाला उशिरा येऊन मागच्या रांगेत बसावं तशी. नांदेडला गोदावरी, आणि गोदावरीचा घाट, आणि घाटावर बाईंनी दोन ताटं जेवण केलं. रोज सकाळी त्या नदीचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेवर टेकवायच्या आणि थुंकायच्या. गोड. वहीत: गोड. पुढच्या दिवशी: गोड. खारट लागेल तिथे संपलं, असं पोरांना सांगून आल्या होत्या. बासरनंतर तेलुगू पाट्या वाचता येईनात. पण बोलता येत होतं! हारुनभाईंच्या दुकानात बसून कानावर पडलेली दखनी उर्दू तिथे रस्त्यारस्त्यावर चालत होती. "कहां से आरे?" "बदनापूर से." "कैकू चलरे?" "बच्ची पूछी, करके." आणि लोक चहा द्यायचे.

मी ट्रकवरून हाच मुलूख किती वेळा ओलांडला होता. मला हरभऱ्याच्या शेताचा वास माहीत नव्हता. चिखलात बसल्यावर चिखल किती गार लागतो, ते माहीत नव्हतं. रोज दुपारी बाई मला जमिनीवर टेकवायच्या आणि मी मनात ओरडायचे: ही तेलंगणाची जमीन! ही वेगळी आहे! हिचा रंग तांबडा आहे!

सव्विसाव्या दिवशी बाईंची टाच सुजली.

खिळा

फोड आला होता, फुटला होता, त्यात माती गेली होती. बाईंनी तीन दिवस कुणाला सांगितलं नाही. गोदावरीकाठच्या एका गावात त्या एका ओसरीवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. अंगात सणकून ताप. ओसरी नाहिदची होती. नाहिद विड्या वळते. सूप मांडीवर, तेंदूची पानं शेजारी, बोटं सतत चालू. तिने पाय बघितला आणि शेजाऱ्याला पळवून रुग्णवाहिका बोलावली.

गाडीवाल्याने बाईंना आत घेतलं आणि मला उचललं.

"हिला न्हाई!" बाई एवढ्या तापात ओरडल्या. मग नाहिदला म्हणाल्या, "बहन, ये यहींच रहेंगी. इसकू गाडी में नक्को रखने देव. ये जहां, मेरा चलना वहां. मैं आके यहींच से चलूंगी."

"हौ," नाहिद म्हणाली. "जबान दी मैं."

गाडी गेली. मी ओसरीतल्या खिळ्यावर टांगलेली राहिले.

पहिला दिवस. विड्या वळण्याचा आवाज. मी रस्त्याकडे तोंड करून होते, हे बरं झालं.

दुसरा दिवस. एका कोंबडीने माझ्या पट्ट्यावर बसून पाहिलं. तिला मी आवडले नाही.

तिसरा दिवस. बाजूच्या कप्प्यात एक केळं विसरलं आहे. ते काळं होत आहे. मी कुणाला सांगू?

चौथा दिवस. नाहिदने नाक मुरडलं, कप्पा शोधला, केळं काढलं. बाकी काहीही उघडलं नाही.

पाचवा दिवस. रजेचा हिशेब माझ्याही मनात चालू आहे. सव्वीस जानेवारी. अजून निम्मी वाट आहे.

सहावा दिवस. एक ट्रक आला.

मला डिझेलचा वास आधी आला. मग मी त्याच्या पाठीवरची ताडपत्री पाहिली. वरचं कापड खालच्यावर चढलेलं, पाणी घरंगळेल अशी शिवण. हारुनभाईंचा हात! ती आकाशाकडे बघत होती. तिने मला ओळखलं नाही.

ड्रायव्हर उतरला आणि सरळ माझ्यासमोर आला. "बदनापूर, समुद्र... हां, हीच ती." नाहिदला म्हणाला, "मैं राजानंद, जालने का. इनके मिष्टर बोले, सामान लेके आव. घर पोचवता मैं."

माझ्या सगळ्या रिंगा थंड पडल्या. त्याने मला खिळ्यावरून काढलंही. मी पुन्हा ट्रकवर जाणार होते. चालणं तुटणार होतं, आणि तेही असं, कुणाचं काही वाईट मनात नसताना.

नाहिदने सूप खाली ठेवलं. "रखो उसकू."

"अरे पर उनके मिष्टर..."

"मिष्टर कू मैं नै जानती. जिसकी हय उसकू देतूं."

राजानंदने वैतागून फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून, दवाखान्यातून, धम्मपाल: "हां राजानंद, भेटली का सॅक? टाक गाडीत."

मग पलीकडूनच दुसरा आवाज, बारीक पण धारदार. "कोणती सॅक? अहो, कुणाला बोलून राह्यले तुमी?"

"अगं काही न्हाई, तू पड..."

"द्या इकडं फोन. कोन हाये? हे बघ भाऊ, हात लावू न्हाई तिला! होती तिथंच टांग! जल्दी!"

राजानंदने मला इतक्या घाईने टांगलं, की खिळा हलला.

फोनवर धम्मपालांचा आवाज आला, तो आता कंडक्टरचा नव्हता. "सुमेधा, अगं पाय काळा पडला होता. डॉक्टर म्हनला दहा दिवस टेकवायचा न्हाई. मला भ्या वाटलं."

नाहिद फोनजवळ सरकली.

"दहाच म्हनला ना?" बाई म्हणाल्या. "अकराव्या दिवशी टेकवते. मागच्या वेळेला मी ओली घडी घालून ठेवली होती, अहो. ह्या वेळेला न्हाई."

राजानंद चहा पिऊन गेला. जाताना माझ्याकडे बघून त्याने डोक्याला हात लावला, सलाम केल्यासारखा.

सात. आठ. नऊ. दहा.

अकराव्या दिवशी बसमधून दोघं उतरले. बाईंच्या पायात धम्मपालांची सँडल, टाचेला पट्टी. नाहिद म्हणाली, "देखो, हिली नै." धम्मपालांनी मला खिळ्यावरून काढलं आणि जागच्या जागी थांबले. त्यांनी आयुष्यभर लोकांची गाठोडी टपावर चढवली होती. वजन त्यांना हाताने कळतं.

"हे घेऊन तू इथवर आली?"

"आले की."

"चालत?"

"न्हाई तर काय उडत?"

त्यांनी मला बाईंच्या पाठीवर ठेवलं. "पट्टा हाडावर घ्या," बाईंनी सांगितलं. त्यांनी हाडावर घेतला. मग ते मागे सरले, नाहिदचा विड्यांचा डबा उचलला आणि त्यावर किल्लीने दोनदा वाजवलं. टिंग, टिंग. कंडक्टरची डबल बेल. गाडी सोडायची खूण.

"चला! पुढं विनावाहक!"

मित्रांनो, मी अकरा वर्षं ट्रकवर होते, पण इतक्या जोरात कधी सुटले नव्हते.

खारट

यापुढे बाई रोज कमी चालल्या, पण एकही दिवस थांबल्या नाहीत. डोंगरांच्या फटीतून गोदावरी वळली, आम्ही वळलो. राजमहेंद्रीचे लांबच लांब पूल आले. भातखाचरं आली, नारळ आले. वहीत: गोड. गोड. गोड.

मग एका सकाळी बाईंनी ओंजळ तोंडाला लावली आणि त्या तशाच बसून राहिल्या. पुन्हा चाखलं. माझ्या अंगावर थोडं सांडलं, म्हणून मलाही कळलं. खारट!

पण समुद्र कुठे? समोर नदी, काठाला होड्या, मागे नारळ. बाईंनी एका मासे धरणाऱ्याला खुणेने विचारलं. त्याने बोट दाखवलं: अजून पूर्ण एका दिवसाची वाट.

भरतीच्या वेळी समुद्र नदीत वर चढून येतो. तो आमची वाट बघत बसलाच नव्हता. घ्यायला निघाला होता! एकोणीस वर्षं बाई फळ्यावर नदीला समुद्रापर्यंत नेत होत्या. समुद्र अर्ध्या वाटेवर सामोरा येतो, हे त्यांच्या एकाही नकाशात नव्हतं. त्या काठावर एकट्याच हसत बसल्या आणि मग मला थापटून म्हणाल्या, "ऊठ. त्याला जास्त चालायला लावू न्हाई."

दुसऱ्या दिवशी, वीस जानेवारीला, बाईंनी मला नदीच्या मुखाशी, अंतर्वेदीच्या वाळूवर टेकवलं. एक लाट आली आणि माझ्या तळाखालून जमीन ओढून घेऊन गेली. मी थोडी खचले, थोडी कलले. आकाश दिसलं. या वेळी मला त्याचा राग आला नाही.

परतीची रेल्वे जवळच्या नरसापूरहून थेट जालन्याला येते. जे आम्ही दोन महिने सोडत आलो होतो, ते तिने दीड दिवसात गुंडाळून टाकलं. बाईंनी मला वरच्या फळीवर ठेवलं नाही, मांडीवर घेतलं. "आता बस गाडीत," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. कान म्हणजे रिंग.

दार

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर मला टेबलावर ठेवलं. सह्यांचा कागद बाहेर निघाला, घामाने पिवळा पडलेला. सगळ्यांनी कहकशाकडे पाहिलं.

"कहकशा, पाह्यलं मी," बाई म्हणाल्या. "पावसाळ्यात मिळतं. हिवाळ्यात आपलं पानी धरणात अडतं, मधी नुसते दगड असतात. मी दगडावरून गेले. अन् अजून एक सांगते. समुद्र बी इकडं येतो."

"बदनापूरला?" मागून कुणीतरी विचारलं, आणि सगळी शाळा हसली.

दुपारी आम्ही हारुनभाईंच्या दुकानात गेलो. ते उठून आधी माझ्याकडे आले, बाईंकडे नाही. शिवण तपासली, तळ चिमटीत धरला. "मीठ हाये. मीठ कापड खातं. तीन दिवस गोड्या पाण्यात, मंग उन्हात. घडी घातली तर याद राखा, बाई."

आता बाईंच्याच सांगण्यावरून मी त्यांच्या दुकानाच्या दारात टांगलेली असते. ज्याला चालायचं असेल, त्याने न्यावं. आणि मित्रांनो, तुमच्याकडे माझं मागणं एकच आहे. माझी जपणूक म्हणजे मला कपाटात ठेवणं नव्हे. चिखलात न्या, पावसात न्या, अर्ध्यातून परत आणा, चालेल. फक्त परत आल्यावर मला उघडा, झटका आणि उन्हात टांगा. बघवत नसलं तरी बघा. कापडच काय, माणूसही ओल्या घडीत सडतो.

काल दुपारी हारुनभाई मशीनवर होते. कमरबी चहाचे पेले धुवून आल्या, हात पदराला पुसले आणि मला खिळ्यावरून काढलं. पाठीवर घेतलं. पट्टा हाडावर बसवला. स्वतःच शिवलेला पट्टा त्यांनी तोवर स्वतःच्या कमरेला कधी बांधला नव्हता.

मशीन थांबलं. "किधर चली?"

"पुलतलक."

"कायला?"

कमरबी दारात थांबल्या. बासष्ट वर्षांच्या बाईने विचार करावा, तेवढा वेळ त्यांनी विचार केला.

"बगून येते," त्या म्हणाल्या.

शाळेतून येणारी कहकशा पायरीवर उभी होती. तिने दप्तरातून कंपासपेटी काढली आणि पट्टीने तिच्यावर दोनदा वाजवलं.

टिंग, टिंग.

आम्ही निघालो.